पिवडी, काजळी आणि आकाश

इतिहासाच्या साधनांमध्ये रंगाइतके बेभरवशाचे साधन दुसरे नसेल. शिलालेखाचे अक्षर झिजले तरी त्याची खोबण बोटाला लागते, दफ्तरातील कागदाला कसर लागली तरी उरलेल्या ओळींवरून गेलेल्या ओळींचा अजमास बांधता येतो; रंग मात्र जागच्या जागी राहून, कोणी हात न लावताही, वर्षानुवर्षे पालटत जातो आणि अखेरीस आपल्या मूळ रूपाविषयी खोटी साक्ष देऊ लागतो. ज्याला महायुद्धातील एखाद्या लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती करावयाची आहे, आणि तीही शक्य तितकी अस्सलबरहुकूम करावयाची आहे, त्याची या खोट्या साक्षीशी गाठ अगदी आरंभीच पडते. कारण वैमानिकाचे आसन, त्याच्या दोहों बाजूंच्या भिंती, यंत्रफलक आणि पायाखालची जमीन हे सारे आधी रंगवून घेतल्यावाचून धडाचे दोन अर्धे एकमेकांस चिकटवता येत नाहीत, आणि एकदा ते चिकटले की आत कुंचला शिरत नाही. नखाएवढ्या त्या आसनाला हिरवट राखाडी रंग द्यावा, काळपट द्यावा की तांबूस, हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्यास क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचे उत्तर शोधू जाता युद्धखात्यांचे हुकूम, कारखान्यांची मालाची सरबराई, रंगद्रव्यांचे रसायन आणि छायाचित्रणाच्या मर्यादा या सर्वांचा झाडा घ्यावा लागतो. म्हणूनच या छंदाच्या पोटी वाढलेली रंगसंशोधनाची परंपरा मी इतिहासलेखनाचीच एक शाखा मानतो.

या छंदाचे वय फार नाही. इंग्लंडात 1936 साली ‘फ्रॉग’ या नावाखाली ‘पेंग्विन’ मालिकेतील प्लास्टिकच्या सुट्या भागांचे विमानसंच बाजारात आले. त्यांचे प्रमाण बहात्तरास एक, म्हणजे सहा फूट उंचीचा मनुष्य एका इंचात बसावा असे होते, आणि पुढे हेच प्रमाण सर्वत्र रूढ झाले. 1942 साली अमेरिकन नौदलाने शाळांतील विद्यार्थ्यांकडून 5 लाख विमान-प्रतिकृती करवून घेण्याचे मुक्रर केले, त्याही याच प्रमाणाच्या. परंतु त्या सरसकट काळ्या रंगवल्या जात, कारण तोफेवरील शिपायाला आकाशातील आकृतीवरून शत्रू आणि मित्र ओळखता यावेत एवढाच त्यांचा हेतू होता. युद्ध संपले, 1953 साली एअरफिक्स कंपनीचा स्पिटफायर विमानाचा संच दुकानांत आला, हल शहरातील हंब्रॉलच्या इवल्याशा डब्यांतून एनॅमल रंग मिळू लागले, आणि मग प्रत्येक डबीवरील नाव खरे की खोटे याची चर्चा सुरू झाली, ती आजतागायत चालू आहे.

चर्चेचा विषय मात्र त्याहून जुना, पहिल्या महायुद्धातील आहे. त्या काळचे विमान म्हणजे लाकडी सांगाड्यावर ताणून बसवलेले लिननचे कापड, आणि ते कापड आवळून ताठ व्हावे म्हणून त्यावर दिलेले, ‘डोप’ या नावाने ओळखले जाणारे सेल्युलोजचे लेप. उन्हातील अतिनील किरणांनी हे कापड लवकर जीर्ण होते असे ध्यानी आल्यावर, फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीच्या रसायनज्ञांनी 1916 च्या सुमारास एक रंगीत संरक्षक लेप सिद्ध केला, तो पी.सी. 10 या नावाने प्रसिद्ध आहे. शत्रूच्या दृष्टीस चकवणे हा त्याचा एक उपयोग. कापडाला ऊन लागू न देणे हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक महत्त्वाचा. त्यातील मुख्य रंगद्रव्य म्हणजे आपल्याकडे भिंतींना चुन्यातून देत आले ती पिवडी, आणि तिच्यात अत्यल्प काजळी. घटक इतके साधे असताही या लेपाच्या रंगाविषयी अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ दोन तट पडलेले आहेत: एक पक्ष त्यास हिरवा म्हणतो, दुसरा तपकिरी.

हा तंटा दफ्तरात बसून सुटणारा नव्हे. तो काचेच्या तुकड्यावर सुटतो. पिवडी घेऊन तीत सुईच्या अग्रावर राहील इतकीच काजळी घोटली, तर पिवळा रंग नुसता मळकट होत नाही, तो हिरवट दिसू लागतो, यद्यपि त्यात निळ्या रंगाचा कणही पडलेला नसतो. काजळी आणखी वाढवली की तीच छटा गर्द शेवाळी होते. आता पिवडी ही खाणीतून निघणारी माती असल्यामुळे एका खाणीची ती पिवळी, तर दुसरीची तांबूस. शिवाय जे माध्यम तेलाचे किंवा ज्यावर रोगणाचा हात फिरवलेला, ते काळाबरोबर पिवळे पडत जाणार, आणि त्यामागून दिसणारा हिरवा तपकिरीकडे झुकणार. यावरून पाहता दोन्ही पक्षांनी आपापल्या ठिकाणी पाहिलेले खरेच होते. कारखान्यातून नुकतेच निघालेले विमान आणि फ्रान्समधील मैदानावर पाऊस-ऊन सोसलेले विमान ही एकाच लेपाची दोन रूपे होत, आणि प्रतिकृती करणाऱ्याने विमानाचे नाव व क्रमांक ठरवून भागत नाही, त्याचे वयही ठरवावे लागते.

छायाचित्रे पाहून निकाल लावावा, तर तेथे दुसरेच विघ्न उभे राहते. त्या काळच्या ऑर्थोक्रोमॅटिक काचांवर व फिल्मवर तांबडा प्रकाश जवळजवळ उमटतच नसे आणि निळा मात्र प्रमाणाबाहेर उमटे. परिणामी ब्रिटिश विमानावरील वर्तुळचिन्हातले तांबडे केंद्र चित्रात काळेभोर, बाहेरचे गडद निळे कडे फिकट राखाडी आणि पिवळा रंग काळपट दिसतो. ज्याने हे ध्यानात घेतले नाही त्याने चित्रातील गडद-फिक्याच्या आधारे काढलेली अनुमाने नेमकी उलटी ठरतात. कोडॅक्रोम 1935 साली आणि आग्फाची रंगीत फिल्म त्यानंतर लवकरच आली खरी, परंतु ती युद्धक्षेत्रात दुर्मिळ, आणि तिच्यातील रंगही काळाने ढळणारे. विशेषतः आग्फाच्या चित्रांवरून जर्मन विमानांची छटा ठरवणे धोक्याचे.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखरीपेक्षा अस्सल कागद श्रेष्ठ हा दंडक आपण शिरसावंद्य मानीत आलो. विमानांच्या रंगांत हा दंडक निम्माच लागू पडतो असे मला दिसते. येथे अस्सल हुकूम सापडतो, त्याची तारीख निर्विवाद असते, आणि तरीही हुकमात लिहिलेला रंग विमानावर चढला होता याचा पुरावा त्या कागदात नसतो. याचे सर्वांत बोधक उदाहरण इंग्लंडच्या ‘स्काय’ या रंगाचे, आणि त्याचा उगम, नवल असे की, एका भारतीय संस्थानिकाच्या विमानाशी जोडला जातो.

सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक 1939 साली लंडनच्या पश्चिमेस असलेल्या हेस्टन विमानतळावरून एका नागरी लॉकहीड विमानात छुपे कॅमेरे बसवून जर्मनी व इटलीवरून छायाचित्रे घेत असे. त्याने पुढे सांगितलेली हकीकत अशी: हेस्टनहून जोधपूरच्या महाराजांचे एक खाजगी विमान उडाले, ते फिकट हिरवट रंगाचे होते, आणि पाहता पाहता ते आकाशात असे विरून गेले की नजर ठरेना. जोधपूरचे तत्कालीन महाराज उमेदसिंह हे विमानविद्येचे मोठे भोक्ते होते आणि त्यांनी आपल्या राजधानीत विमानतळ व फ्लाइंग क्लब उभारला होता, हे प्रसिद्धच आहे. त्यामुळे हकीकत असंभाव्य नाही. कॉटनने तशीच छटा रंगाच्या कारखानदाराकडून बनवून घेतली, आपल्या विमानास दिली, तिला ‘कॅमोटिंट’ असे नाव ठेवले, आणि युद्ध सुरू झाल्यावर छायाचित्रणाच्या पहिल्या स्पिटफायरांवर व पुढे ब्लेनहाइम बाँबफेकी विमानांच्या पोटावर तीच चढली. राजवैभवासाठी निवडलेला रंग अशा रीतीने युद्धखात्याच्या कोठारात दाखल झाला.

मग 1940 चा जून उजाडला. तोवर लढाऊ विमानांचे पोट एका पंखाखाली काळे आणि दुसऱ्याखाली पांढरे असे, जेणेकरून जमिनीवरील निरीक्षकांना स्वकीय विमान ओळखता यावे. फ्रान्सची आघाडी कोसळत असताना हवाई मंत्रालयाने हुकूम सोडला की यापुढे पोटाचा रंग ‘स्काय’ असावा. हुकूम तत्काळ गेला, पण रंग तत्काळ जाणे शक्य नव्हते. एवढ्या विमानांना पुरेल इतका साठा कोठारांत नव्हता, अनेक पथकांनी ती छटा पूर्वी कधी पाहिलेली नव्हती, आणि कागदोपत्री तिचा उल्लेख कधी ‘स्काय’, कधी ‘स्काय टाइप एस’, कधी बदकाच्या अंड्याचा निळा अशा वेगवेगळ्या शब्दांनी होत होता. त्यातील ‘एस’ हे अक्षर गुळगुळीत लेपाचा निर्देश करणारे, रंगाचा नव्हे. पण तेही अनेकांस वेगळी छटा वाटले. जेथे जे उपलब्ध होते ते परस्परांत मिसळून पथकांनी वेळ मारून नेली, आणि म्हणून ज्या ब्रिटनच्या हवाई संग्रामाचे वर्णन प्रत्येक शाळकरी मुलाने वाचलेले असते, त्या संग्रामातील विमानांची पोटे निळसर, हिरवट आणि राखाडी अशा कितीएक छटांची होती. 1941 च्या ऑगस्टात पाठीवरील मातकट तपकिरी जाऊन ‘ओशन ग्रे’ आला, तेव्हाही तो सर्वत्र पोहोचेपर्यंत सात भाग ‘मीडियम सी ग्रे’ आणि एक भाग काळा असे मिश्रण पथकांतच करून घेण्याची तजवीज होती. आठ भागांचे ते मोजमाप प्रत्येक ठिकाणी काटेकोर झाले असेल असे कोणताही व्यवहारी मनुष्य म्हणणार नाही.

याच्या उलट विमानाचे अंतरंग. बाहेरचा रंग शत्रूच्या डोळ्यांसाठी असतो, म्हणून तो आघाडीबरोबर आणि ऋतूबरोबर बदलतो. आतला रंग धातूच्या रक्षणासाठी असतो, म्हणून त्याचा इतिहास रसायनाचा आणि टंचाईचा इतिहास आहे, आणि तो मला अधिक विश्वसनीय वाटतो. अमेरिकन विमानांत सर्वत्र आढळणारा पिवळसर हिरवा लेप घ्या. त्याचे मूळ द्रव्य जस्ताचे क्रोमेट. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ओल साचली की त्यातील क्रोमेट अल्पांशाने विरघळून धातूचे क्षरण थोपवून धरते. हे द्रव्य स्वभावतः पिवळे आहे. पहिला हात पिवळा दिल्यावर दुसऱ्या हातात थोडा काळा मिसळीत, म्हणजे कोठे दोन हात बसले आणि कोठे एकच, हे रंगाऱ्यास व तपासनिसास एका दृष्टिक्षेपात कळे. काळ्याच्या योगाने पिवळा हिरवा झाला, पिवडीच्या बाबतीत झाला तसाच. वैमानिकाच्या कक्षात चकाकी कमी व्हावी म्हणून तो आणखी गडद करीत. आता या गडदपणाचे प्रमाण कारखान्यागणिक निराळे असल्यामुळे ग्रमनचे अंतरंग आणि रिपब्लिकचे अंतरंग यांत फरक पडतो, पण तो फरक समजावून घेता येतो, त्याला कारण असते.

स्पिटफायरच्या आसनाचे तर रहस्य रंगात नाहीच. कक्षाच्या भिंती हिरवट राखाडी असताना अनेक विमानांत आसन मात्र तांबूस तपकिरी आढळते, त्यावरून कोणी चामड्याची, कोणी लाकडाची कल्पना केली. वास्तविक ते धातूऐवजी राळेने बांधलेल्या संमिश्र द्रव्याचे घडवीत, आणि तो त्या द्रव्याचाच निसर्गवर्ण होय. ज्या विमानांना धातूची आसने होती त्यांत ती कक्षाच्या भिंतींप्रमाणे रंगवलेली. तेव्हा येथे कोणता रंग हा प्रश्न विचारण्यापूर्वी कोणते द्रव्य हा प्रश्न विचारावा लागतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे विमानाच्या बहुतेक लहान भागांना हाच क्रम लागू आहे: चाकाचा दांडा पोलादाचा की रंगवलेला, पंख्याचे पाते लाकडाचे की धातूचे, धुराड्याची नळी तापून तांबारली की तिला गंज चढला.

जपानी नौदलाच्या ‘झीरो’ या विमानाचे अंतरंग पाहणे हा रंगप्रेमी मनुष्यास खरा आनंद आहे. चाकांच्या खोबणीत आणि धडाच्या आतील पत्र्यावर ‘आओताके’ नावाचा पारदर्शक निळसर हिरवा लेप असे, त्यामागून धातूची झळाळी दिसे. प्रतिकृतीत तो साधण्यासाठी आधी चंदेरी रंग द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा, आणि त्यावर निळ्या व हिरव्या पारदर्शक रंगाचे पातळ मिश्रण फिरवावे; अपारदर्शक हिरव्याने ते काम होत नाही. बाहेरील रंगाचा वाद मात्र येथेही आहेच. जुन्या चित्रांवरून आणि आठवणींवरून झीरो पांढुरका राखाडी मानला जाई. 1942 च्या आरंभी जपानी नौदलाने छद्मरंगाच्या प्रयोगांचा जो अहवाल केला त्यात मात्र राखाडीला अंबराची किंचित झाक असल्याचा निर्देश आहे, आणि पतन पावलेल्या विमानांच्या जपून ठेवलेल्या पत्र्यांवरही राखाडी-शेवाळी छटाच आढळते. उन्हाने त्या रंगाचा पृष्ठभाग खडूसारखा भुकटी होऊन पांढरा पडे, म्हणून दुरून पाहणाऱ्यास तो फिका दिसला. 4 जून 1942 रोजी अल्यूशन बेटांपैकी अकुतान येथे तादायोशी कोगा या वैमानिकाचे झीरो दलदलीत उलटले, अमेरिकनांना ते जवळजवळ अभंग मिळाले, आणि सप्टेंबरपर्यंत दुरुस्त होऊन ते सान डिएगोवर उडूही लागले. पण उडाले ते अमेरिकी चिन्हे अंगावर घेऊन. त्याच्या वळणाचा वेग आणि इंजिनाचे दोष यांची बारकाईने नोंद झाली; तपासणीचा रोख उड्डाणावर होता, रंगावर नव्हे. युद्धाची निकड पाहता ते योग्यच होते.

जर्मनांची शिस्त प्रसिद्ध, आणि त्यांच्या हवाई मंत्रालयाने प्रत्येक रंगास क्रमांक देऊन नमुनापत्रेही काढली होती. आरंभीच्या मेसरश्मिट 109 चे अंतरंग 02 क्रमांकाच्या हिरवट राखाडीचे. 1941 च्या नोव्हेंबरातील नियमपुस्तिकेने काचेखालून दिसणाऱ्या कक्षास 66 क्रमांकाचा काळपट राखाडी ठरवून दिला. येथवर सर्व निःसंदिग्ध. परंतु 1944 च्या जुलैत, बाँबवर्षावाने कारखाने उद्ध्वस्त होत असता, 81 व 82 हे दोन नवे रंग जाहीर करणारे जे परिपत्रक निघाले, त्यात या रंगांची नमुनापत्रे देता येत नाहीत आणि म्हणून माल स्वीकारताना छटा ताडून पाहू नये अशा आशयाचे कलम होते. अस्सल कागदच जेथे आपली असमर्थता कबूल करतो, तेथे संशोधकाने काय करावे? अखेरच्या वर्षातील फोके-वुल्फ व मेसरश्मिट यांच्या हिरव्या-तपकिरी छटांवर ग्रंथामागून ग्रंथ निघाले, आणि मला त्या सर्वांतून एवढेच ग्राह्य वाटते की कोणा एकाची छटा चूक ठरवण्याचा अधिकार दुसऱ्यास नाही.

प्रमाणीकरणाचे प्रयत्न सर्वांनीच केले. जर्मनीत राल संस्थेची रंगसूची 1927 ची, इंग्लंडात ब्रिटिश स्टँडर्ड 381 हे 1930 चे, अमेरिकेत फेडरल स्टँडर्ड 595 हे 1956 चे. शेवटच्या सूचीतील क्रमांकाची रचना मोठी सुबोध आहे: 34151 या आकड्यात पहिला 3 म्हणजे चकाकी नसलेला, दुसरा 4 म्हणजे हिरव्या वर्गातला, आणि पुढील तीन आकडे त्या वर्गातील स्थान दाखवणारे, हाच तो अमेरिकन अंतरंगाचा हिरवा. परंतु 1956 च्या सूचीने 1943 चे विमान मोजणे म्हणजे नंतरच्या मापाने आधीचे शेत मोजणे होय, जवळचे माप मिळते, तेच माप मिळत नाही. म्हणून 1976 साली रॉयल एअर फोर्स म्युझियमने महायुद्धकालीन ब्रिटिश रंगांवरील पुस्तकात छापील चौकटींऐवजी प्रत्यक्ष रंगाचे तुकडे चिकटवून दिले, तेव्हा ते या क्षेत्रातील मोठेच उपकार झाले.

आणि सर्व प्रमाणे जुळल्यावरही एक गोष्ट राहते. बहात्तरांश प्रतिकृती एका फुटावरून पाहणे म्हणजे खरे विमान बहात्तर फुटांवरून पाहणे. मध्ये तेवढी हवा असती तर रंग किंचित फिका आणि निस्तेज दिसला असता, म्हणून जाणते कारागीर डबीतील रंगात थोडा पांढरा मिसळतात. कक्षाच्या आत तर हे अधिकच निकडीचे, कारण बोटाच्या पेराएवढ्या त्या फटीतून उजेड पुरेसा शिरत नाही, आणि 66 क्रमांकाचा काळपट राखाडी अगदी सूचीबरहुकूम दिला तर आत नुसता अंधार दिसतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी साक्षात् संबंध ओझरमुळे येतो. 1964 साली नाशिकजवळ हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि मिग-21 विमानांचे सांगाडे तेथे तयार होऊ लागले. रशियन पद्धतीप्रमाणे त्यांचा वैमानिक-कक्ष निळसर हिरव्या रंगाचा, दीर्घ उड्डाणात वैमानिकाच्या दृष्टीस शांतता लाभावी म्हणून निवडलेला. चाकांच्या तबकड्या लखलखीत हिरव्या, आणि नाकाचा शंकू व शेपटाचे टोक रडारलहरी जाऊ देणाऱ्या द्रव्याचे, तेही हिरवेच. 1971 च्या युद्धप्रसंगी या चंदेरी विमानांवर घाईने छद्मरंग चढवले गेले, पथकापथकागणिक निराळे. सेवानिवृत्त झालेली अशी विमाने आता ठिकठिकाणी चौथऱ्यांवर उभी आहेत, आणि त्यांच्या देखभालीसाठी दर काही वर्षांनी बाजारात मिळेल तो तैलरंग त्यांच्यावर फासला जातो, त्यामुळे बाहेरील पृष्ठभाग पुराव्याच्या दृष्टीने संपल्यात जमा आहे. चाकांची खोबण, झडपांची आतली बाजू, काचेखालच्या कक्षाचे सावलीतले कोपरे येथे मात्र कारखान्याचा मूळ लेप अद्याप सापडण्यासारखा असतो. पुढचा हात फिरवण्यापूर्वी कोणी जाणत्याने तेथे रंगाची सूची घेऊन जावे, दिवसाच्या उजेडात प्रत्येक भागाची छटा ताडून तिचा क्रमांक टिपून ठेवावा, आणि बोटभर जागा न रंगवता तशीच सोडण्यास रंगाऱ्यास सांगावे.